रानभातातलं रोगप्रतिकारक जनुक शोधताना: बियाण्यापासून मार्करपर्यंत

लागवडीखालच्या भाताच्या जाती दोनच: ओरायझा सटायव्हा आणि आफ्रिकेतली ओरायझा ग्लॅबेरिमा. ओरायझा प्रजातीतल्या बाकीच्या वीस-बावीस जाती रानटी आहेत, आणि भातपैदाशीतली काही सर्वांत उपयोगी प्रतिकारक जनुकं त्यांच्याकडूनच आली आहेत. कडा करपा या जिवाणूजन्य रोगाविरुद्धचं एक्सए२१ हे जनुक आफ्रिकेतल्या ओरायझा लाँगिस्टामिनाटामधून आलं आणि १९९५ साली क्लोन झालं, म्हणजे वेगळं काढून ओळखलं गेलं. एक्सए२७ आणि करपा या बुरशीजन्य रोगाविरुद्धचं पीआय९ ही दोन्ही ओरायझा मिनुटामधली, एक्सए२३ ओरायझा रुफिपोगॉनमधलं. ग्रासी स्टंट विषाणूविरुद्धचा प्रतिकार तर हजारो नमुने चाळल्यावर ओरायझा निवाराच्या एकाच नमुन्यात सापडला होता.

सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणं, आता पैसे मोजले की होतं. त्यामुळे नवीन माणूस थेट तिथूनच सुरुवात करतो, आणि सहा महिन्यांनी हातात काही टेराबाइट डेटा आणि शून्य जनुकं उरतात. याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक म्हणजे रोगाची नोंद कच्ची असते. दुसरं म्हणजे आपण शोधत असलेलं जनुक संदर्भ जीनोममध्ये, म्हणजे तुलनेसाठी आधीच वाचून ठेवलेल्या संपूर्ण जनुकसंचात, मुळात नसतंच, त्यामुळे त्या जीनोमवर रीड (वाचलेले डीएनएचे तुकडे) कितीही काळजीपूर्वक बसवले तरी ते दिसत नाही. खालच्या पायऱ्या या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

सुरुवातीला हाताशी काय हवं

कागदपत्रं:
- जनुकपेढीशी करायचा प्रमाणित साहित्य हस्तांतरण करार, म्हणजे एसएमटीए. अन्नपिकांच्या वनस्पती जनुकसंपदेच्या आंतरराष्ट्रीय करारात भात येतो, म्हणून हा ठरीव मसुदाच वापरला जातो.
- बी परदेशातून येणार असेल तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र.
- बी स्वतः रानातून गोळा करणार असाल तर त्या देशाच्या जैवविविधता कायद्याखालची परवानगी. ती गोळा करण्याआधी घ्यायची. नंतर घेतलेल्या परवानगीला बऱ्याच ठिकाणी काही अर्थ नसतो.
- रोगकारकाचे विलग (वेगळे काढून वाढवलेले प्रकार) दुसऱ्या प्रदेशातून आणायचे असतील तर त्यांचा वेगळा परवाना.
- शेवटच्या टप्प्यात ट्रान्सजेनिक किंवा जीनोम-संपादित रोपं करणार असाल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी. हा अर्ज पहिल्या वर्षातच टाकून ठेवा.

साधनं: जाळीबंद हरितगृह, द्रवरूप नायट्रोजन, उणे ८० अंशांचा फ्रीझर, क्यूबिट (डीएनएची मात्रा मोजायचं यंत्र), जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा संच आणि किमान ६४ जीबी रॅम असलेला लिनक्स सर्व्हर. मोठ्या जीनोमची जुळणी (रीड जोडून पूर्ण क्रम उभा करणं) करायची असेल तर रॅम याच्या दुप्पट-चौपट धरा. सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्या, त्यासाठी यंत्र विकत घेण्यात शहाणपण नाही.

१. आधी रोग ठरवा, मग जात

‘रोगप्रतिकार’ हा विषय होत नाही. ‘करप्याच्या अमुक विलगाविरुद्धचा प्रतिकार’ हा विषय होतो. एकच रोग घ्या, त्याचे तीन ते पाच ओळखीचे विलग निवडा आणि त्यातला कोणता तुमच्या परिसरातल्या प्रचलित जनुकांना नमवतो हे आधी तपासा. हे कळण्यासाठी भिन्नदर्शी वाणांचा संच वापरतात. कडा करप्यासाठी आयआरबीबी मालिका आहे, तिच्यातल्या प्रत्येक वाणात एक-एक ज्ञात जनुक असतं. रानभाताचा प्रतिकारनमुना त्यातल्या एखाद्या वाणाशी तंतोतंत जुळला, तर तुम्ही बहुधा जुनंच जनुक पुन्हा शोधत आहात. एक्सए मालिकेत चाळीसहून अधिक नावं झाली आहेत, तेव्हा ही शक्यता हलक्यात घेऊ नका.

२. जीनोमचा प्रकार बघून नमुना मागवा

ओरायझातले जीनोमचे प्रकार अक्षरांनी ओळखतात. लागवडीचा भात एए जीनोमचा. रुफिपोगॉन, निवारा, बार्थी, लाँगिस्टामिनाटा, ग्लुमिपॅट्युला आणि मेरिडिओनॅलिस याही एए. यांच्याशी भाताचा संकर साध्या पद्धतीने होतो, वांझपणाचा त्रास मात्र कमी-जास्त राहतो. ऑफिसिनॅलिस सीसी, ऑस्ट्रेलिएन्सिस ईई आणि मिनुटा बीबीसीसी, म्हणजे चार संचांची. यांच्याशी संकर केला की दाणा भरत नाही. परागीकरणानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी भ्रूण काढून तो माध्यमावर वाढवावा लागतो आणि पुढे कित्येक पिढ्या प्रतिसंकर (लागवडीच्या भाताशी पुन्हा पुन्हा संकर) करावे लागतात.

पहिलाच प्रकल्प असेल तर एए गटातच राहा. दूरच्या जातींमध्ये खजिना आहे हे खरं, पण तिथे संकरातच तीन वर्षं जातात.

माहितीसाठ्यांत ‘वाइल्ड राइस’ असं शोधलं की उत्तर अमेरिकेतलं झिझानिया हे गवतही समोर येतं. ती वेगळी प्रजाती आहे. शोध नेहमी शास्त्रीय नावाने आणि अॅक्सेशन क्रमांकाने, म्हणजे जनुकपेढीतल्या नमुन्याच्या क्रमांकाने, घ्या.

३. रोपं वाढवणं, आणि ‘एक नमुना’ म्हणजे नक्की काय

रानभाताचं बी पेरलं आणि उगवलं असं होत नाही. त्याची सुप्तावस्था खोल असते. कोरडं बी ५० अंश सेल्सिअसला पाच ते सात दिवस ठेवा, मग तूस हाताने सोलून ओल्या कागदावर ३० अंशांच्या आसपास रुजवा. तूस काढताना भ्रूणाकडच्या टोकाला चिमटा लावू नका. बुरशी चढत असेल तर सोललेला दाणा सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन घ्या.

बऱ्याच रुफिपोगॉनला फुलायला छोटा दिवस लागतो. प्रकाश दहा तासांवर आणला की लोंब्या वेळेवर येतात, नाहीतर झाड नुसतं फुटवे काढत बसतं. पक्व दाणे हात लावण्याआधीच गळतात, म्हणून लोंबी बाहेर पडताच तिच्यावर जाळीची किंवा ग्लासीनची पिशवी बांधा. पिशवीने बी वाचतं आणि परकी परागकणही आत येत नाहीत.

आता मुद्द्याचं. निवारा बहुतांशी स्वपरागित आहे, पण रुफिपोगॉनमध्ये परपरागीकरण बरंच होतं आणि लाँगिस्टामिनाटा तर स्वतःचे पराग नाकारते. म्हणजे जनुकपेढीतून आलेल्या एका पाकिटातली दहा झाडं जनुकीयदृष्ट्या दहा वेगळी झाडं असू शकतात. एका झाडावर रोग तपासला, दुसऱ्याचं पान डीएनएसाठी तोडलं आणि तिसऱ्याशी संकर केला, तर पुढचं सगळं विश्लेषण वाया गेलं म्हणून समजा. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि नमुना, झाड, पिढी असा पूर्ण पत्ता पाटीवर, पाकिटावर आणि फाईलच्या नावात एकसारखा लिहा. बहुवर्षायू जातींचे फुटवे वेगळे लावून तेच झाड जिवंत ठेवता येतं, त्या सोयीचा पुरेपूर फायदा घ्या. स्वपरागित जातींच्या निवडलेल्या झाडाच्या एक-दोन स्वपरागित पिढ्या घेतल्या तर पुढचं काम बरंच सोपं होतं.

४. रोगाची तपासणी: वेळ इथे घालवा

कडा करप्यासाठी कात्री-पद्धत सर्वत्र चालते. झँथोमोनास ओरायझी या जिवाणूचं ताजं कल्चर पेप्टोन-सुक्रोज आगारवर २८ अंशांना दोन-तीन दिवस वाढवा, पाण्यात मिसळून मिलिलिटरला सुमारे १० कोटी ते १०० कोटी पेशी एवढं दाट द्रावण करा, त्यात कात्री बुडवा आणि पानाचं टोक दोन-तीन सेंटिमीटर छाटा. प्रत्येक झाडाची किमान पाच पानं, पूर्ण उघडलेली आणि वरची. चौदाव्या दिवशी छाटलेल्या टोकापासून वाळलेल्या भागाची लांबी पट्टीने मोजा. ‘प्रतिकारक’ किंवा ‘बळी’ असा नुसता शेरा मारू नका, आकडा लिहा. शेरा नंतर आकड्यावरून काढता येतो, शेऱ्यावरून आकडा काढता येत नाही.

रोपांच्या वयाकडे फार कमी लोक लक्ष देतात. एक्सए२१ चा प्रतिकार दोन पानांच्या रोपात जवळपास नसतो, तो वयाबरोबर वाढत जातो. असं जनुक असलेला नमुना तुम्ही लहान रोपांवर तपासला तर तो पहिल्याच फेरीत बाद होईल. म्हणून कडा करप्याची चाचणी फुटवे भरात असताना, साधारण ४० ते ४५ दिवसांनी करा, आणि जमलं तर रोपावस्थेतही एकदा करा. दोन्ही वेळचे निकाल वेगळे आले तर तीही माहितीच आहे.

करप्याची पद्धत निराळी. बुरशी ओटमील आगारवर वाढवून बीजाणू काढा, हिमोसायटोमीटरखाली मोजून मिलिलिटरला एक लाख बीजाणूंचं द्रावण करा, त्यात ०.०२ टक्के ट्वीन-२० घाला आणि तीन-चार पानांच्या रोपांवर फवारा. नंतर २४ तास अंधार आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता, तापमान २५ ते २८ अंश. सातव्या दिवशी नोंद. टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके हे प्रतिकाराचं लक्षण आहे, राखाडी मध्य असलेले दोन्ही टोकांना निमुळते डाग म्हणजे रोप बळी पडलं. डागच नसतील तर लगेच खूष होऊ नका. फवारा नीट बसला नसण्याची शक्यता आधी तपासा.

प्रत्येक ट्रेमध्ये ठरलेली बळी पडणारी तुलना-रोपं हवीतच. कडा करप्यासाठी टीएन१, करप्यासाठी सीओ३९ किंवा एलटीएच. त्यांच्यावर रोग आला नाही तर त्या ट्रेची नोंद फेकून द्या, कितीही जिवावर आलं तरी. आणि वारंवार एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेत राहिल्याने रोगकारकाची तीव्रता कमी होते, म्हणून मूळ विलग ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा आणि दर हंगामात तिथूनच ताजा काढा.

५. सिक्वेन्सिंगची वाट निवडा

*बल्क सिक्वेन्सिंग.* एए गटातल्या रानभाताचा बळी पडणाऱ्या वाणाशी संकर, २०० किंवा जास्त एफ२ (संकराच्या दुसऱ्या पिढीतली) झाडं, त्यातली टोकाची २०-३० प्रतिकारक आणि २०-३० बळी पडणारी. दोन्ही गटांचा डीएनए समप्रमाणात मिसळून दोन बल्क आणि दोन पालक, असे चार नमुने. नवख्यांसाठी हीच वाट उत्तम. एफ२ मधलं प्रमाण ३:१ ला बसतं का ते काय-वर्ग चाचणीने आधी बघा. बसत नसेल तर एकाहून जास्त जनुकं आहेत, किंवा रानभाताच्या संकरात नेहमी दिसणारं विकृत विभाजन (अपेक्षेपेक्षा वेगळं प्रमाण) झालंय.

*प्रतिकारक झाडाचं संपूर्ण जीनोम जुळवणं.* लांब आणि अचूक रीड, म्हणजे पॅकबायो हायफाय, वापरून. संदर्भ जीनोममध्ये नसलेलं जनुक दिसण्याची हीच खात्रीची वाट. माझं स्पष्ट मत: बल्क आणि जुळणी हे दोन पर्याय मानू नका, जोडीने करा. बल्क पत्ता सांगतं, जुळणी त्या पत्त्यावर कोण राहतं ते दाखवते.

*रेनसेक.* जनुकसंचातली फक्त एनएलआर या, रोगकारक ओळखणाऱ्या प्रथिनांच्या, कुटुंबातली जनुकं आमिष-प्रोबने वेचून वाचायची. जीनोम मोठा असेल, चार संचांचा असेल किंवा नमुने पुष्कळ असतील तर किफायतशीर. आमिषात नसलेल्या प्रकारचं जनुक मात्र हमखास निसटतं.

*लोकसंख्येतला संबंध-अभ्यास.* दीड-दोनशे वेगवेगळे नमुने असतील तरच. रानभातात भौगोलिक गट इतके ठळक असतात की गटाचा फरक हाच प्रतिकाराचा फरक वाटू लागतो. के-मर, म्हणजे ठरावीक लांबीचे छोटे डीएनए-तुकडे, वापरणाऱ्या पद्धतींना संदर्भ जीनोम लागत नाही, ही त्यांची जमेची बाजू.

६. डीएनए

कोवळी पानं घ्या आणि तोडण्याआधी झाड २४ ते ४८ तास अंधारात ठेवा, म्हणजे स्टार्च उतरतो. डीएनए काढायला सीटीएबी पद्धत पुरते. छोट्या रीडसाठी एक मायक्रोग्रॅम डीएनए निवांत पुरतो. हायफायसाठी पाच मायक्रोग्रॅम किंवा जास्त, आणि तुकडे ५० हजार अक्षरांपेक्षा लांब हवेत. त्यासाठी व्हॉर्टेक्स वापरू नका, रुंद तोंडाची टिप वापरा आणि नमुना गोठवणं-वितळवणं टाळा.

नॅनोड्रॉपवरचं २६०/२८० प्रमाण १.८ ते २.० आणि २६०/२३० दोनच्या जवळ असावं. दुसरा आकडा १.५ च्या खाली गेला तर बहुशर्करा किंवा फिनॉल उरलाय, आणि लांब रीडचं यंत्र तिथेच अडकतं. मात्रा नॅनोड्रॉपवरून कधीच ठरवू नका, क्यूबिटवरून ठरवा. बल्क करताना तर हे फारच महत्त्वाचं आहे. एका झाडाचा डीएनए तिप्पट पडला तर त्या बल्कमध्ये त्याच झाडाचा आवाज ऐकू येतो.

७. किती वाचायचं

भाताचं जीनोम सुमारे ४० कोटी अक्षरांचं. ३० पट कव्हरेज (प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचणं) म्हणजे १२०० कोटी अक्षरं, १५०-१५० च्या जोडरीडमध्ये साधारण ४ कोटी जोड्या. पालकांना एवढं पुरे. बल्कमध्ये २५ झाडं असतील तर प्रत्येक जागी ५० गुणसूत्रं आहेत, म्हणून तिथे ४० ते ५० पट घ्या. हायफाय जुळणीला ३० पट किंवा थोडं वर.

हा हिशेब एए गटाचा. ऑस्ट्रेलिएन्सिसचं जीनोम सुमारे ९६ कोटी अक्षरांचं आहे, मिनुटाचं त्याहून मोठं. भाताचा आकडा धरून मागणी नोंदवली तर हातात निम्म्याहून कमी कव्हरेज येतं, आणि ते डेटा आल्यावरच कळतं.

८. विश्लेषण आणि त्यातले खड्डे

क्रम सगळ्यांचा सारखाच असतो: फास्टक्यूसीने तपासणी, फास्टपीने छाटणी, बीडब्ल्यूए-मेमने निप्पोनबारे या वाणाच्या संदर्भ जीनोमवर बसवणं, सॅमटूल्सने क्रमवारी, जीएटीकेने फरक शोधणं. मग दोन बल्कमधल्या एसएनपी-इंडेक्सचा (एकेका अक्षराच्या बदलाच्या, म्हणजे एसएनपीच्या, जागी एका पालकाच्या अक्षराच्या प्रमाणाचा) फरक, साधारण २० लाख अक्षरांची खिडकी सरकवत. आलेखात एखाद्या गुणसूत्रावर टेकडी उभी राहिली की तो तुमचा पत्ता.

टेकडीची उंची किती हवी? इथे बरेच जण १ ची वाट बघत बसतात. एफ२ मध्ये प्रभावी जनुक असेल तर प्रतिकारक बल्कमध्ये शुद्ध आणि संकरित झाडं १:२ येतात, त्यामुळे तिथे प्रतिकारक अलीलचं (जनुकाच्या रूपाचं) प्रमाण ०.६७ च असतं, बळी पडणाऱ्यात शून्य. फरक ०.६७. अप्रभावी जनुकातही हिशेब फिरून तेवढाच येतो. फरक १ पर्यंत न्यायचा असेल तर एफ३ कुटुंबं तपासून शुद्ध प्रतिकारक झाडंच बल्कमध्ये घ्या. कष्ट वाढतात, पण टेकडी अरुंद आणि नि:संदिग्ध होते. फरक ०.३ च्या आसपास रेंगाळत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. चौथ्या पायरीत चुकीच्या गटात पडलेली झाडं शोधा.

आता संदर्भ जीनोमचा खड्डा. निप्पोनबारेचं जीनोम २००५ साली पूर्ण झालं, उत्तम दर्जाचं आहे, पण ते एकाच जपानी वाणाचं आहे. रानभातातलं जनुक तिथे नसलं, तर त्याचे रीड दोनपैकी एक काहीतरी करतात: कुठेच बसत नाहीत, किंवा जवळच्या नातेवाईक जनुकावर जाऊन बसतात. दुसरा प्रकार जास्त घातक. एनएलआर जनुकं गुणसूत्रावर पुंजक्याने असतात. गुणसूत्र ११ ची लांब भुजा आणि गुणसूत्र ६ वरचा पीआय२-पीआय९ चा पुंजका ही ठळक उदाहरणं. एका पुंजक्यात एकमेकांशी अतिशय मिळतीजुळती पाच-दहा जनुकं शेजारीशेजारी. दात्याकडे, म्हणजे प्रतिकारक रानभाताकडे, त्यातली दहा आणि संदर्भात सहा असतील, तर उरलेल्या चारांचे रीड त्या सहांवर चढतात.

हे आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघड दिसतं. अनेक पिढ्या स्वपरागित, म्हणजे जवळपास शुद्ध झालेल्या झाडात अचानक एका जनुकावर ओळीने संकरित एसएनपी दिसतात आणि तिथलं कव्हरेज आजूबाजूच्या दुप्पट असतं. खरी संकरितता तिथे नसतेच, दोन वेगळी जनुकं एकावर एक पडलेली असतात. याउलट पुंजक्याच्या मधोमध कव्हरेज शून्यावर आलं तर तो भाग दात्याकडे नाही किंवा ओळखू न येण्याइतका वेगळा आहे. दोन्ही खुणा मौल्यवान आहेत, आणि दोन्ही नेहमीच्या गाळण्यांमध्ये नाहीशा होतात. जीएटीकेच्या प्रचलित गाळणीत मॅपिंग दर्जा ४० च्या खालचे फरक काढून टाकतात. संपूर्ण जीनोमसाठी ते योग्य, पण एनएलआरचे पुंजके त्यात साफ धुऊन निघतात. म्हणून टेकडी गाळलेल्या फरकांवर शोधा, पण टेकडीच्या आतलं काम न गाळलेल्या डेटावर आणि दात्याच्या स्वतःच्या जुळणीवर करा.

जुळणीसाठी हायफायएएसएम वापरा. रुफिपोगॉनसारख्या संकरित झाडात ते दोन हॅप्लोटाइप (दोन पालकांकडून आलेले गुणसूत्रांचे संच) वेगळे काढून देतं. प्रतिकारक अलील त्यातल्या एकावरच असू शकतं, म्हणून दोन्ही तपासा. जुळणीची पूर्णता मोजणाऱ्या बुस्कोचा आकडा ९७-९८ टक्के आला म्हणून निर्धास्त होऊ नका. बुस्को एकेरी, जपून राहिलेली जनुकं मोजतं, आणि तुम्हाला हवीत ती नेमकी उलट स्वभावाची. त्याऐवजी हायफाय रीड जुळणीवर परत बसवून पुंजक्याच्या भागात कव्हरेज सपाट आहे का ते बघा. उंचवटा दिसला तर तिथे प्रती एकमेकांत मिसळल्या आहेत.

जनुकं ओळखतानाही एक सापळा आहे. पुनरावृत्त भाग झाकण्याच्या पायरीत एनएलआरही झाकली जातात, कारण ती अनेक प्रतींत असतात आणि त्यांच्या आसपास ट्रान्सपोझॉन (जागा बदलणारे डीएनए-तुकडे) भरपूर असतात. त्यामुळे न झाकलेल्या क्रमावर एनएलआर-अॅनोटेटर चालवा, त्याला आधीची जनुक-यादी लागत नाही. मग आरएनए डेटाने सीमा पक्क्या करा, कारण शेजारची दोन जनुकं एकच म्हणून जोडलेली असणं नेहमीचंच.

९. उमेदवारांची यादी आखडताना

टेकडीखाली सहसा काही लाख ते काही दशलक्ष अक्षरं आणि डझनावारी जनुकं येतात. तिथून सूक्ष्म मॅपिंग: टेकडीच्या दोन्ही कडांना मार्कर, म्हणजे तपासता येणाऱ्या डीएनएच्या खुणा, बनवा, हजार-दोन हजार एफ२ किंवा एफ३ रोपं त्या मार्करांनी चाळा आणि मध्ये अदलाबदल झालेल्या झाडांचीच रोगचाचणी करा.

दूरच्या जातीतून आलेल्या तुकड्यात मात्र ही युक्ती चालत नाही. परका तुकडा भाताच्या गुणसूत्राशी नीट जोडी जमवत नाही, त्यामुळे अदलाबदलच होत नाही. तीन हजार झाडं चाळली तरी तुकडा तेवढाच राहतो. अशा वेळी आणखी झाडं वाढवत बसण्यात अर्थ नाही. प्रतिकारक ओळीवर ईएमएस या रसायनाने उत्परिवर्तनं घडवा, प्रतिकार हरवलेली पाच-सहा स्वतंत्र झाडं शोधा आणि त्यांचं त्या भागाचं सिक्वेन्सिंग करा. ज्या एकाच जनुकात सगळ्यांना बिघाड दिसतो ते तुमचं. म्यूटरेनसेक हीच कल्पना वापरतं.

उमेदवार निवडताना फक्त एनएलआरकडे बघू नका. एक्सए२१ पेशीपटलावरचा रिसेप्टर कायनेज आहे. एक्सए१३ आणि एक्सए५ ची अप्रभावी रूपं वेगळ्याच प्रकारची: पहिलं साखरवाहक प्रथिनाच्या प्रोमोटरमधला (जनुक चालू करणाऱ्या भागातला) बदल, दुसरं ट्रान्सक्रिप्शन यंत्रणेच्या एका घटकातला. एक्सए२७ चं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या दोन्ही वाणांत त्याचं प्रथिन हुबेहूब एकच आहे. फरक आहे तो प्रोमोटरमध्ये, जिथे जिवाणूचं प्रथिन येऊन बसतं आणि जनुक चालू होतं. प्रथिन बदलणारे एसएनपी तेवढे ठेवून बाकी सगळे गाळले असते, तर हे जनुक यादीतून पहिल्या मिनिटाला बाहेर गेलं असतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराचा प्रारंभ-बिंदूपासून मागचा किमान दोन हजार अक्षरांचा भाग दोन्ही पालकांत ओळीने तुलना करून बघा.

काही एनएलआर जोडीनेच काम करतात. करप्याविरुद्धच्या पिया जनुकामागे आरजीए४ आणि आरजीए५ अशी शेजारची दोन जनुकं आहेत. एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या अशा दोन एनएलआर दिसल्या, तर पुढच्या पायरीत दोन्ही एकत्र घ्या.

आरएनएच्या प्रयोगाबद्दल: टोचणीनंतर ०, २४ आणि ४८ तासांनी नमुने घेणं ठीक, पण ‘रोगानंतर वाढलेलं जनुक’ ही गाळणी लावू नका. बहुतेक एनएलआर कायम थोड्या प्रमाणात चालू असतात, रोगाने फारशा हलत नाहीत. हलतात ती हजारो इतर जनुकं.

१०. सिद्ध करणं

दोन दिशांनी. एक, उमेदवार जनुक त्याच्या स्वतःच्या प्रोमोटर आणि शेपटीसह बळी पडणाऱ्या वाणात टाका आणि तो प्रतिकारक होतो का बघा. दुसऱ्या जनुकाचा जोरकस प्रोमोटर वापरला तर एनएलआर रोगाशिवायही पेशी मारू लागतं, आणि रोपं खुरटी होऊन निकाल गोंधळाचा येतो. अनेक स्वतंत्र ट्रान्सजेनिक ओळी घ्या आणि पुढच्या पिढीत जनुक व प्रतिकार बरोबरच जातात का तपासा. दोन, प्रतिकारक ओळीतलं तेच जनुक क्रिस्पर या जीनोम-संपादन तंत्राने मोडा आणि प्रतिकार जातो का बघा. एका दिशेचाच पुरावा असेल तर परीक्षक दुसरा मागणारच.

ज्या वाणात जनुक टाकणार, तो तुमच्या विलगाला खरोखर बळी पडतो याची खात्री आधीच करा. निप्पोनबारेत करप्याविरुद्धचं पीश जनुक आहे. विलग त्याला अडकणारा निघाला तर तुमचं जनुक टाकलं काय आणि न टाकलं काय, झाड प्रतिकारकच दिसणार.

११. मार्कर आणि नाव

मार्कर जनुकाच्या आतल्याच फरकावर बनवा. शेजारचा एसएनपी संकरात कधीतरी जनुकापासून सुटतो. पुंजक्यातल्या जनुकाचा प्राइमर शेजारच्या भावंडांनाही चिकटतो, म्हणून तो दात्याच्या संपूर्ण जुळणीवर शोधून एकाच जागी बसतो ना ते बघा. मग निदान पन्नासेक लागवडीच्या वाणांवर चालवा. बळी पडणाऱ्या वाणांतही तो ‘आहे’ असं सांगत असेल तर पैदासकाराच्या काहीच कामाचा नाही. प्रतिसंकर करताना जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर ठेवा, नाहीतर जनुकासोबत दाणेगळ आणि कुसळंही वाणात शिरतात.

नाव देण्याआधी त्याच गुणसूत्रावरच्या ज्ञात जनुकांच्या वाणांशी संकर करून अलीलता (दोन्ही एकाच जागेची रूपं आहेत का ते) तपासा. मोठ्या एफ२ मध्ये एकही बळी पडणारं झाड आलं नाही, तर तुमचं जनुक त्याच जागेचं दुसरं रूप आहे किंवा त्याला अगदी खेटून आहे, आणि मग ते कोणतं हे क्रम जुळवूनच ठरवावं लागतं. नवीन ठरलं तर ओरायझाबेस या भाताच्या जनुकांच्या माहितीसाठ्यातून पुढचा मोकळा क्रमांक घेऊन भाताच्या जनुक-नामकरण समितीकडे नोंदवा. एकच क्रमांक दोन गटांनी वापरला की पुढे दोघांचेही लेख वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. कच्चे रीड आणि जुळणी सार्वजनिक साठ्यात टाकताना नमुन्याच्या रकान्यात अॅक्सेशन क्रमांकाबरोबर झाडाचा क्रमांक आणि पिढीही लिहा, आणि त्याच झाडाचं स्वपरागित बी जनुकपेढीत परत जमा करा.